जळून-चोरून उरलेले कागद

मेक्सिकोतल्या पहिल्या छापखान्याचा करारनामा आज वाचायला मिळतो. त्या छापखान्यातून निघालेले पहिले पुस्तक मात्र मिळत नाही.

१२ जून १५३९ रोजी सेव्हिल शहरात हुआन क्रोम्बेर्गेर या बड्या छापखानेवाल्याने आपला माणूस हुआन पाब्लोस याच्याशी हा करार केला. पाब्लोस मूळचा इटलीतल्या ब्रेशियाचा, जन्मनाव जोवान्नी पाओली. त्याने बायकोसह मेक्सिकोला जायचे, दहा वर्षे छापखाना चालवायचा, रोज तीन हजार ताव छापायचे, पुस्तकावर नाव मालकाचे घालायचे आणि खर्च वजा जाता नफ्याचा पाचवा हिस्सा घ्यायचा. झिजलेले खिळे वितळवून टाकायचे; ते दुसऱ्या कुणाच्या हाती पडता कामा नयेत. सोबत यंत्र चालवणारा एक कारागीर आणि पेद्रो नावाचा एक आफ्रिकी गुलाम. मुद्रणाच्या इतिहासात पाब्लोसला प्रकरण मिळते, पेद्रोला करारातला एक उल्लेख.

पहिले पुस्तक म्हणजे बिशप सुमार्रागाने काढवलेली ख्रिस्ती धर्माची छोटी प्रश्नोत्तरी, एकीकडे स्पॅनिश, एकीकडे नाहुआत्ल ही तिथली भाषा. तिची एकही प्रत उरलेली नाही. पुढच्या वर्षीच्या एका विधिपुस्तकाची शेवटची एक-दोन पाने तेवढी आहेत. यात गूढ काही नाही. शिकवण्याची पुस्तके हाताळून, फाटून, घामाने भिजूनच संपतात. ग्रंथालयांत टिकतात ती बहुधा फारशी न वाचलेली.

*

याच्याशी जोडून गोव्याची नोंद. १५५६ मध्ये गोव्यात उतरलेला छापखाना खरे तर ॲबिसिनियाला निघाला होता. वाटेत गोव्यात थांबला तो थांबलाच, आणि सेंट पॉल कॉलेजात बसवला गेला. तिथल्या पहिल्या वर्षांतल्या छापील कागदांचीही प्रत नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे ख्रिस्तपुराण साष्टीतल्या रायतूरला १६१६ मध्ये छापले, पुढे आणखी दोनदा छापले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत ज्ञात नाही. मराठीतले एवढे मोठे काव्य आपल्यापर्यंत आले ते हस्तलिखितांतून. म्हणजे छापले ते गेले, नकलून काढले ते राहिले. छपाईमुळे ग्रंथ अमर होतो असे जे शाळेत शिकवतात, त्यांनी मेक्सिको आणि रायतूर ही दोन गावे एकदा विचारात घ्यावीत.

*

दक्षिण अमेरिकेत छापलेला पहिला कागद कोणता? धर्मग्रंथ नव्हे, कविता नव्हे. पंचांगाची दुरुस्ती.

आंतोनिओ रिकार्दो हा तुरीनचा मुद्रक मेक्सिकोतले बस्तान गुंडाळून लिमाला आला आणि परवानगीची वाट पाहत बसला. १५८४ मध्ये ती मिळाली. स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांतल्या प्रश्नोत्तरीचे काम यंत्रावर चढले होते. तेवढ्यात ते बाजूला सारून चार पानांचे राजाचे फर्मान आधी छापावे लागले: पोप ग्रेगरीच्या नव्या कालगणनेप्रमाणे वर्षातले दहा दिवस एकदाच वगळावेत. सरकारी काम आले की बाकीचे फर्मे थांबतात, हे छापखान्यात काम केलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही.

*

सोळाव्या-सतराव्या शतकात मेक्सिकोतले मठ आपल्या पुस्तकांना डाग देत. लोखंडी ठसा तापवून मिटलेल्या पुस्तकाच्या वरच्या कडेवर दाबायचा. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, ज्याचा त्याचा ठसा वेगळा. पान फाडून किंवा नाव खोडून पुस्तक लपवता येते, पण सगळ्या पानांच्या कडांना मिळून बसलेला डाग जात नाही. कडा कापल्या तर समास जातो आणि चोरी उघडी पडते. पुएब्लामधल्या ग्रंथालयांत आजही कोणते पुस्तक कुठल्या मठातून आले ते या डागांवरून ठरवतात. चोराच्या भीतीने केलेली ही खूण आता अभ्यासकांची वंशावळ झाली आहे.

*

इंग्रजी वसाहतींतले पहिले पुस्तक १६४० चे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी छापलेले बायबलातल्या स्तोत्रांचे भाषांतर, 'बे साम बुक'. यंत्र आणि खिळे घेऊन निघालेला जोस ग्लोव्हर हा पाद्री १६३८ मध्ये समुद्रातच वारला. त्याच्या विधवेने, एलिझाबेथने, छापखाना उभा केला. चालवायला माणूस होता स्टीफन डे, धंद्याने कुलुपे करणारा. आणि ते पुस्तक पाहिले की कळतेही: डाव्या पानांच्या माथ्यावर 'साम' या शब्दाचे एक स्पेलिंग, उजव्या पानांच्या माथ्यावर दुसरे. सबंध पुस्तकभर. मुद्रितशोधन करणाऱ्याने एका नजरेत दोन्ही पाने कधी पाहिलीच नसावीत.

छापल्या सुमारे १,७०० प्रती, आज उरल्या ११. १८५५ मध्ये लंडनच्या एका लिलावात किरकोळ स्तोत्रपुस्तकांच्या गठ्ठ्यात लपलेली एक प्रत हेन्री स्टीव्हन्स या पुस्तकविक्रेत्याने १९ शिलिंगांना उचलली आणि न्यू यॉर्कच्या लेनॉक्स या संग्राहकाला ८० पौंडांना विकली. १९४७ मध्ये येल विद्यापीठासाठी एक प्रत १,५१,००० डॉलरला गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये बोस्टनच्या ओल्ड साउथ चर्चने आपल्या दोन प्रतींपैकी एक विकली, १ कोटी ४१ लाख ६५ हजार डॉलरना. छापील पुस्तकाला त्याआधी इतकी किंमत आलेली नव्हती. चर्चमध्ये विकावे की विकू नये यावर वाद झाले. मला स्वतःला विकणाऱ्यांचे पटते. दोन प्रती आणि गळके छप्पर यांत एक प्रत आणि धड छप्पर बरे.

आणखी एक तारीख जोडून ठेवतो. त्याच १६४० साली रायतूरच्या छापखान्यातून कोकणीचे व्याकरण निघाले. कर्ता थॉमस स्टीफन्स. तो १६१९ मध्येच वारलेला. अटलांटिकच्या काठी इंग्रज लोक अडखळत पहिले पुस्तक छापत होते, तेव्हा साष्टीत एका मेलेल्या इंग्रजाचे व्याकरण छापून बाहेर पडत होते. त्या वेळच्या मुद्रणात पुढे कोण आणि मागे कोण, हे नकाशा बघून ठरवू नये.

*

त्या केंब्रिजच्या छापखान्यातून 'बे साम बुक'च्याही आधी, १६३९ मध्ये, एक एकपानी कागद निघाला होता: वसाहतीच्या नागरिकाने घ्यायची शपथ. त्याची प्रत कुणीच पाहिलेली नाही. आता ज्या गोष्टीची एकही प्रत नाही आणि जिची किंमत कुणालाही मनातल्या मनात काढता येते, तिची बनावट कुणी करणार नाही असे होईल का?

१९८५ मध्ये मार्क हॉफमन या युटातल्या कागदपत्रांच्या व्यापाऱ्याने ती केली. 'बे साम बुक'च्या छायाप्रतीवरून अक्षरे कापून जुळवली, ठसा करवला, जुन्या कागदावर जुन्या पद्धतीच्या शाईने छापले. पण खरी हुशारी पुढे आहे. त्याच नावाचा दुसराच एक फालतू छापील कागद त्याने बनवला, न्यू यॉर्कमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात चित्रांच्या ढिगात स्वतःच सरकवला, मग गिऱ्हाईक बनून तो २५ डॉलरला विकत घेतला. पावतीवर कागदाचे नाव आले. झाला पुरावा! मग लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढे पंधरा लाख डॉलरचा भाव ठेवला. तिथल्या तपासणीत बनावटीचा ठोस पुरावा निघाला नाही. पकडला गेला तो वेगळ्या कारणाने. दुसऱ्या व्यवहारांतली देणी अंगावर आली, तेव्हा त्याने ऑक्टोबर १९८५ मध्ये सॉल्ट लेक सिटीत बॉम्ब ठेवून दोन माणसे मारली. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली शाईला गेलेले बारीक तडे दिसले. १९८७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

या प्रकरणाकडे बुद्धीचा खेळ म्हणून पाहणारे लेख मी वाचले आहेत. दोन प्रेते पडली आहेत एवढे ध्यानात ठेवून ते लिहायला हवे होते.

*

बनावटीचा दुसरा प्रकार. सतराव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या खोऱ्यातल्या नाहुआ गावांना स्पॅनिश अधिकारी जमिनीचा पुरावा मागू लागले. जमीन पिढ्यान्‌पिढ्या गावाची. कागद कुणाकडे असणार? मग जाडसर आमाते कागदावर, म्हणजे झाडाच्या सालीच्या कागदावर, मुद्दाम जुन्या वळणाची चित्रे काढून, खाली नाहुआत्ल मजकूर लिहून दीडशे वर्षांपूर्वीची वाटावीत अशी बाडे तयार झाली. अभ्यासक त्यांना तेचियालोयान म्हणतात; पन्नासच्या आसपास ज्ञात आहेत. एकाच वळणाची, एकाच कार्यशाळेतून निघाल्यासारखी.

कागद खोटा, हद्द बऱ्याचदा खरी. इनाम कमिशनने महाराष्ट्रात घरोघरच्या सनदा मागितल्या त्या काळाच्या गोष्टी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना या गावांचा राग येणार नाही. हॉफमनच्या शेजारी यांना बसवायचे नाही, म्हणून ही नोंद वेगळी केली.

*

दिएगो दे लांदा. युकातानमधला फ्रान्सिस्कन. १२ जुलै १५६२ रोजी मानी गावात त्याने मायांच्या मूर्ती आणि चित्रलिपीतल्या पोथ्या जाळल्या, माणसांचे हाल केले. त्याचा जाब द्यायला स्पेनला बोलावणे आले. तिथे त्याने १५६६ च्या सुमारास युकातानचे वर्णन लिहिले: लोक, सण, पिके, कालगणना, आणि लिपीसुद्धा. जाळलेल्या पोथ्यांची लिपी जाळणाऱ्यानेच टिपून ठेवली! पुढे तो त्याच मुलखाचा बिशप होऊन परतला.

मूळ लिखाण हरवले. त्याची संक्षिप्त नक्कल माद्रिदच्या इतिहास अकादमीत पडून होती. ती ब्रासर दे बूरबूर या फ्रेंच पाद्र्याला १८६० नंतर सापडली आणि १८६४ मध्ये छापली गेली. त्यातली लिपी मात्र चालेना. कारण लांदाने आपल्या मदतनिसाला स्पॅनिश मुळाक्षरे एकेक म्हणून विचारली, आणि त्या मायाने प्रत्येक नावाच्या आवाजाला जुळणारे अक्षरचिन्ह काढून दिले. अ, बे, से असे ऐकले तसे लिहिले. नमुन्यादाखल वाक्य लिहायला सांगितले, तेव्हा त्याने लिहिले त्याचा अर्थ 'मला नको' असा होतो. कंटाळून लिहिले की खोडी काढली, कोण सांगणार. पण लांदाला ते कळले नाही आणि त्याने ते तसेच उतरवून घेतले. ही चिन्हे वर्णांची नसून अक्षरांची आहेत, हे १९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्हने मांडले आणि माया लेख वाचायला लागले.

आज जगात माया पोथ्या चार. ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस आणि मेक्सिको. लांदाचे पुस्तक नसते तर त्या चारही केवळ चित्रे म्हणून पाहिल्या गेल्या असत्या. त्याचे आभार मानावेत का, असा प्रश्न एकाने मला विचारला होता. नाही मानायचे. घरमालकाला जिवे मारून घराचा नकाशा लिहून ठेवणाऱ्याचे आभार मानत नाहीत, नकाशा वापरतात.

*

फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयातली 'फ्लोरेन्टाइन कोडेक्स' ही नाहुआ लोकजीवनावरची पोथी आता घरबसल्या पाहता येते. बारा भाग, अडीच हजारांच्या आसपास चित्रे. उजव्या रकान्यात नाहुआत्ल, डाव्यात स्पॅनिश. नाव बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कनचे. पण त्याने स्वतःच आपल्या नाहुआ साथीदारांची नावे लिहून ठेवली आहेत: आंतोनिओ वालेरिआनो, आलोन्सो वेहेरानो, मार्तिन हाकोबिता, पेद्रो दे सान बुएनाव्हेन्तुरा. त्लातेलोल्कोच्या कॉलेजात लॅटिन शिकलेली ही माणसे. गावोगावच्या म्हाताऱ्यांना बसवून विचारायचे, उत्तरे उतरवायची, ताडायची, पुन्हा विचारायची. हे काम दशकानुदशके चालले.

पाने उलटत जावी. सुरुवातीला लाल, निळा, हिरवा, पिवळा. पक्षी, मासे, झाडे, बाजार. अकराव्या भागात पुढे गेलो की रंग विरळ होतात. मग चित्रे नुसती काळ्या रेषेची. बाराव्या भागात, जिथे स्पॅनिश आक्रमणाची हकिकत आहे, तिथे बहुतेक रंग नाहीच. १५७६ मध्ये मोठी साथ आली होती. लिहिणारे आणि चित्रे काढणारे कॉलेजात कोंडल्यासारखे काम करत होते, बाहेर माणसे पटापट मरत होती. रंगद्रव्ये दूरदूरच्या प्रांतांतून येत. ती यायची थांबली असावीत, असे अभ्यासक म्हणतात. साआगुनने याच अकराव्या भागात मध्येच साथीविषयी लिहिले आहे: १५४५ च्या साथीत त्लातेलोल्कोमध्ये आपण दहा हजारांवर प्रेते पुरली. निसर्गाच्या वर्णनाच्या मध्ये हे येते. कुणी संपादकाने ते काढले नाही हे नशीब.

एप्रिल १५७७ मध्ये राजा दुसऱ्या फिलिपचे फर्मान आले: हे सगळे लिखाण गोळा करून पाठवा, नक्कल मागे ठेवू नका, इंडियन लोकांच्या जुन्या चालीरीतींवर कुणी लिहू नये. जप्तीसाठी मागवलेली पोथी जहाजावर चढली, फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याकडे पोचली आणि म्हणून वाचली.

*

वैद्यकाचे. १५५२ मध्ये त्याच त्लातेलोल्कोच्या कॉलेजात मार्तिन दे ला क्रूस या नाहुआ वैद्याने औषधी वनस्पतींचे सचित्र पुस्तक सांगितले, हुआन बादियानोने त्याचे लॅटिन केले. दोघेही स्थानिक, आणि दोघांचीही नावे पुस्तकात आहेत. ते पुढे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पोचले आणि १९२९ मध्ये पुन्हा उजेडात आले. १९९० मध्ये पोपनी ते मेक्सिकोला परत दिले. स्वखुशीने परत दिलेली वस्तू म्हणून हे उदाहरण दुर्मीळच.

गोव्यात १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे औषधींवरचे संवाद छापले गेले. त्यात मालुपा नावाचा एक गोमंतकीय वैद्य येतो आणि चार गोष्टी सांगून जातो. पण ओर्ताच्या पुस्तकात तो पात्र आहे, ग्रंथकार नाही. क्लुसियस या विद्वानाने ओर्ताचे लॅटिन सार काढले आणि अमेरिकेतल्या औषधींवरच्या मोनार्देसच्या पुस्तकाचेही. त्यामुळे आपल्याकडची त्रिफळा आणि पलीकडचा तंबाखू युरोपच्या वैद्यांच्या टेबलावर एकाच माणसाच्या हातून पोचले. ओर्ता मात्र मेल्यावरही सुटला नाही. तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असे ठरवून इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली.

*

त्याच इन्क्विझिशनची मेक्सिकोतली गोष्ट. लुईस दे कार्वाहाल, गुप्तपणे ज्यू धर्म पाळणारा तरुण. एकदा पकडला, सोडला, १५९५ मध्ये पुन्हा पकडला. डिसेंबर १५९६ मध्ये आई आणि बहिणींसह मेक्सिको शहरात त्याला मारले. मधल्या मोकळ्या काळात त्याने तळहातावर मावेल एवढ्या वहीत डोळे ताणून वाचाव्या लागतील अशा अक्षरांत आपले आयुष्य लिहिले. तुरुंगात शेजारच्या कोठडीतल्या बहिणींना तो ॲव्होकॅडोच्या बीवर कोरून निरोप पाठवी. मग तपासनिसांनी त्याला कागद आणि शाई पुरवली. दया म्हणून नव्हे. तो लिहील, आपण मध्येच पकडू, आरोपपत्र भरेल. तसेच झाले, आणि ती पत्रे दफ्तरात सुरक्षित राहिली.

वही १९३२ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय दफ्तरातून चोरीला गेली. ऐंशी वर्षांहून अधिक काळानंतर ती लिलावांत दिसली. एका अमेरिकन संग्राहकाने ओळखून खटपट केली आणि २०१७ मध्ये ती मेक्सिकोला परतली.

गोव्याच्या इन्क्विझिशनचे दफ्तर असे उरले नाही. १८१२ मध्ये ते न्यायालय बंद झाले आणि बहुतेक खटल्यांचे कागद नष्ट झाले. जो पत्रव्यवहार वाचला त्याचा एक मोठा भाग आज कुठे आहे? रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. साष्टी-बारदेशातल्या माणसांवर काय गुदरले ते शोधायला ब्राझीलला जावे लागते. अमेरिकेतले कागद युरोपात गेल्याच्या हकिकती आपण ऐकतो. गोव्याचे कागद अमेरिकेत, हे कमी लोकांना ठाऊक आहे.

*

मेक्सिकोतले वेहोत्सिन्को गाव, १५३१. आमाते कागदाचे आठ ताव. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस स्पेनला गेला असताना वसाहतीच्या नव्या अधिकाऱ्यांनी त्याच्या हक्काच्या गावांकडून जादा वसुली केली. कोर्तेसने परत येऊन दावा लावला आणि गावाने आपला हिशेब चित्रांत काढून कोर्टात ठेवला. मका, टर्की, कापड, विटा-चुना. एका तावावर मेरीचे चित्र असलेले निशाण आहे. त्या अधिकाऱ्यांचा मुख्य नुन्यो दे गुस्मान याच्या मोहिमेसाठी ते सोन्याने मढवून द्यावे लागले आणि सोने आणण्यासाठी गावाला गुलाम विकावे लागले. ते गुलामही बाजूला काढलेले आहेत.

मेरीच्या अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक. ते भक्तीपोटी काढलेले नसून वसुलीच्या तक्रारीतली एक बाब आहे, हे मला फार आवडते. १५३८ मध्ये राजाने दोन-तृतीयांश वसुली परत करावी असा निर्णय दिला.

*

१६६३: केंब्रिजच्याच छापखान्यात अमेरिकेतले पहिले छापील बायबल निघाले, आणि ते इंग्रजीत नव्हते. मॅसॅच्युसेट्समधल्या वाम्पानोआग लोकांच्या भाषेत होते. भाषांतरावर नाव जॉन एलियट या पाद्र्याचे. त्याला भाषा शिकवणारे, वाक्ये तपासणारे जॉब नेसुटन आणि जॉन सॅसमन हे तिथलेच. खिळे जुळवणाऱ्यांत एक निपमक तरुण होता, वोवाउस. इंग्रज त्याला जेम्स प्रिंटर म्हणत.

१६७५ मध्ये त्या मुलखात वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांचे भीषण युद्ध पेटले. सॅसमनच्या खुनावरूनच ठिणगी पडली, नेसुटन लढाईत गेला. जेम्स प्रिंटर आपल्या लोकांत गेला; मेडफील्डवर हल्ला करणाऱ्यांनी मागे सोडलेली इंग्रजी चिठ्ठी त्याच्याच हातची असे म्हणतात. पुढच्या वर्षी माफी जाहीर झाल्यावर तो परत येऊन त्याच छापखान्यात उभा राहिला. पहिल्या आवृत्तीच्या बऱ्याच प्रती युद्धात नष्ट झाल्या होत्या. दुसरी १६८५ मध्ये निघाली. तिच्या काळात एलियटने एका पत्रात कबूल केले की हा मजकूर समजून जुळवणारा आणि तपासणारा एकटा जेम्स प्रिंटरच आहे. १७०९ च्या एका स्तोत्रपुस्तकावर मुद्रक म्हणून त्याचे नाव छापलेही आहे.

एलियटला त्या लोकांना ख्रिस्ती करायचे होते. पण अक्षर हाती आल्यावर त्यांनी त्याचे स्वतःचे उपयोग केले: मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते, तक्रारअर्ज, सगळे आपल्या भाषेत. एकोणिसाव्या शतकात बोलणारे संपले. १९९३ मध्ये मॅशपी गावच्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती भाषा पुन्हा उभी करण्याचे काम हाती घेतले, एमआयटीत भाषाशास्त्र शिकल्या, आणि शब्द, प्रत्यय, वाक्यरचना यांचा मुख्य साठा मिळाला तो याच बायबलातून आणि त्या खरेदीखतांतून. त्यांची मुलगी पिढ्यांनंतरची पहिली जन्मभाषक ठरली. तिथे शाळेतली मुले आता त्या भाषेत शिकतात. त्यांना ख्रिस्ती करणे हा कुणाचाच हेतू नाही.

*

ग्वामान पोमा, पेरूचा. १६१५ मध्ये त्याने राजा तिसऱ्या फिलिपला पत्र लिहिले: जवळजवळ १,२०० पाने, ३९८ चित्रे. इंका काळ कसा होता, पाद्री, कोर्रेहिदोर म्हणजे स्पॅनिश प्रांताधिकारी, आणि जमीनदार कसे लुटतात, कुणाला कुठे फटके बसले, आणि हे सुधारायचे कसे. एका प्रकरणात राजा विचारतो आणि हा उत्तर देतो. राजाला तो कधी भेटला नाही; भेट त्याने स्वतःच लिहून घेतली, चित्र काढून. दुसऱ्या एका चित्रात तो म्हातारपणी मुलाला, घोड्याला आणि दोन कुत्र्यांना घेऊन लिमाच्या वाटेवर आहे.

राजाने ते वाचल्याची खूण नाही. बाड कोपनहेगनच्या राजग्रंथालयात जाऊन पडले आणि १९०८ मध्ये रिचर्ड पीचमन या जर्मन अभ्यासकाला दिसले. आज त्या ग्रंथालयाने ते सगळे मोफत खुले केले आहे. त्यातली चित्रे पेरूमध्ये सर्रास छापतात. कोर्रेहिदोरचे चित्र पाहून वाटते, आपल्याकडच्या एखाद्या कुलकर्ण्यावर रयतेने असे सचित्र बाड लिहिले असते तर!

*

चोऱ्यांची नोंद सगळ्यांत लांब होईल, म्हणून थोडक्यात. कोलंबसाचे १४९३ चे छापील पत्र चार-आठ पानांचे असते, खिशात मावते. फ्लोरेन्स, बार्सेलोना, व्हॅटिकन आणि व्हेनिस इथल्या ग्रंथालयांतून त्याच्या प्रती गेल्या; तीन ठिकाणी जागेवर हुबेहूब नकली ठेवून. ग्रंथपाल वर्षानुवर्षे नकलीच जपत होते. २०१६ ते २०२३ या काळात चारही अमेरिकेतून परत गेल्या.

मेक्सिकोच्या राष्ट्रीय दफ्तरातून कोर्तेसच्या सहीचे कागद गेले. १९८५ च्या सुमारास तिथल्या लोकांनी एका रुमालातल्या पानांवर मेणाने क्रमांक टाकले होते. १९९३ मध्ये मायक्रोफिल्म करताना पंधरा पाने कमी भरली. एक कागद अमेरिकेत लिलावाला निघाला आणि २०२३ मध्ये परत आला. त्यात कोर्तेसने औषधालयासाठी गुलाबाच्या साखरेचे बारा सुवर्ण पेसो मंजूर केले आहेत. आपला गुलकंदच म्हणायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक पान परतले, १५२७ च्या फेब्रुवारीतले. मेणाचे क्रमांक नसते तर ही पाने आमचीच हे सिद्ध करायला काय दाखवले असते? पेशवे दफ्तरापासून एखाद्या देवस्थानच्या कपाटापर्यंत, आपल्याकडच्या किती बाडांतल्या पानांवर क्रमांक आहेत, याचा हिशेब कुणी तरी घ्यायला हवा.

*

शेवटची चोरी उलट्या दिशेची. तोनालामात्ल ओबँ ही आझ्टेक पंचांगाची घडीची पोथी. अठराव्या शतकात लोरेन्सो बोतुरिनी या इटालियनाने जमवलेल्या संग्रहातली. सरकारने त्याला तुरुंगात टाकले, संग्रह जप्त केला, तो हातोहात पांगला. त्यातले बरेच जोसेफ ओबँने १८४० मध्ये फ्रान्सला नेले. १९८२ मध्ये एका मेक्सिकन माणसाने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ही पोथी पाहायला मागितली, कपड्यात लपवून बाहेर काढली आणि मेक्सिकोला नेली.

फ्रान्सने परत मागितली. मेक्सिकोत लोकांनी त्या माणसाला डोक्यावर घेतले. कायद्याने मालकी फ्रान्सची, पोथी मात्र मेक्सिकोच्या मानववंशशास्त्र ग्रंथालयात; २००९ मध्ये ती मुदतीशिवाय 'उसनी' दिल्याचा करार झाला. मी त्या चोराच्या बाजूचा आहे असे लिहिणार होतो. पण मग उद्या गोव्याचा कुणी रिओच्या ग्रंथालयात जाऊन इन्क्विझिशनच्या पत्रांचे बाड पिशवीत घालून आणील, त्याला काय म्हणायचे? त्याला मी पकडून देईन. आधी सगळ्या पानांचे फोटो काढून घेईन.